राजीनाम्यानंतरची एक तारीख

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



स्थिर नोकरी सोडून लेखनाला वाहून घेतलेल्या माणसांच्या कथा आपल्याकडे मोठ्या आवडीने सांगितल्या जातात. त्यांतील बहुतेक कथा राजीनाम्यापाशीच संपतात. साहेबाच्या टेबलावर कागद ठेवला, माणूस ताठ मानेने बाहेर पडला, की सांगणारा थांबतो आणि ऐकणारे टाळ्या वाजवतात. त्यानंतर आलेल्या एक तारखेला त्या घरात काय घडले, वाण्याची उधारी कोणी भागवली, मुलांच्या शाळेची फी कुठून आली, हे सहसा कोणी विचारत नाही. पालक मात्र नेमके तेवढेच विचारतात. त्यांच्या या प्रश्नाला व्यवहारी म्हणून हिणवण्याची पद्धत आहे. पण साहित्याच्या इतिहासाकडे नीट पाहिले तर हा प्रश्न साहित्याबाहेरचा नाही, असेच दिसून येते.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला घरची भाषा एक आणि बाजाराची दुसरी, ही सवय लहानपणापासून असते. उत्तरेकडील शाळांतून शिकलेल्यांना मुन्शी प्रेमचंद हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. 'ईदगाह'मधील हमीदचा चिमटा आणि 'पंच परमेश्वर'मधील जुम्मन व अलगू यांची मैत्री हिंदीच्या पाठ्यपुस्तकातून कितीतरी पिढ्यांनी वाचली. या लेखकाने वीस-बावीस वर्षांची नोकरी एका दिवशी सोडली, हेही अनेकांना ठाऊक असते. ते कसे घडले आणि पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे.

धनपतराय हे त्यांचे मूळ नाव. जन्म 31 जुलै 1880 रोजी, काशीजवळच्या लमही गावी. वडील पोस्टात कारकून. आई लहानपणीच गेली, पंधराव्या वर्षी लग्न झाले, आणि 1897 मध्ये वडीलही गेले. घरात सावत्र आई, तिची मुले आणि स्वतःचे शिक्षण अर्धवट. पुढे 'जीवनसार' या आत्मपर लेखात त्यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. हातात पैसा उरला नाही, म्हणून दोन रुपयांना घेतलेले अंकगणिताचे मार्गदर्शक पुस्तक विकायला ते एका दुकानात गेले. सौदा एका रुपयावर ठरला. त्याच दुकानात बसलेल्या एका गृहस्थाने विचारपूस केली. तो एका लहान शाळेचा मुख्याध्यापक निघाला. त्याने महिना अठरा रुपयांवर मास्तरकी देऊ केली. ज्या मुलाने नुकतेच आपले पुस्तक अर्ध्या किमतीत विकले, त्याच्या लेखी अठरा रुपये म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. नोकरीचा तुच्छतेने उल्लेख करणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा तरी वाचावा.

1899 मध्ये चुनार, 1900 मध्ये बहराइचच्या सरकारी शाळेत वीस रुपये, मग प्रतापगड, अलाहाबाद, कानपूर, हमीरपूर, बस्ती, गोरखपूर. बदल्यांच्या या वाटेवर लेखन थांबले नाही, हे ध्यानात घ्यावे. 'सोज़े-वतन' हा पाच कथांचा उर्दू संग्रह 1908 मध्ये 'नवाबराय' या नावाने निघाला, तेव्हा ते शिक्षण खात्यातच होते. संग्रहातील देशप्रेमावर सरकारची नजर गेली. हमीरपूर जिल्ह्यात शाळा तपासनीस असताना कलेक्टरने त्यांना बोलावून घेतले. हजारेक प्रती छापल्या होत्या, जेमतेम तीनशे खपल्या होत्या. उरलेल्या सरकारच्या स्वाधीन कराव्या लागल्या. यापुढे लिहिलेला प्रत्येक मजकूर आधी दाखवावा, अशीही अट पडली. त्यावर 'ज़माना' मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांनी नवे नाव सुचवले आणि 'प्रेमचंद' या नावाचा जन्म झाला. सरकारी नोकरीने ज्याचे तोंड बंद करू पाहिले, त्याला आयुष्यभराचे नावही त्याच नोकरीच्या धाकाने मिळाले. असे योगायोग कादंबरीत घातले तर वाचक विश्वास ठेवत नाहीत.

या धाकानंतरही त्यांनी राजीनामा दिला नाही. आणखी अकरा-बारा वर्षे ते नोकरीत राहिले. याला भित्रेपणा म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. याच वर्षांत त्यांनी खेडोपाडीच्या शाळा तपासत बुंदेलखंड पाहिला, शेतकऱ्यांची घरे आणि जमीनदारांच्या कचेऱ्या पाहिल्या. 'पंच परमेश्वर' याच काळातली. वेश्याव्यवसायाच्या प्रश्नावरची 'सेवासदन' ही पहिली मोठी कादंबरीही गोरखपूरच्या शाळेत शिकवत असताना पुरी झाली; ती आधी उर्दूत लिहिलेली, पण प्रकाशक हिंदीला मिळाला आणि त्याने साडेचारशे रुपये दिले. उर्दू आवृत्ती पुढे 1924 मध्ये निघाली, तिचे अडीचशे मिळाले. बी. ए.ची परीक्षाही ते 1919 मध्ये, नोकरी सांभाळूनच, उत्तीर्ण झाले. तात्पर्य, लेखक जो घडायचा तो बहुतांशी पगाराच्या छायेतच घडला होता. नोकरी सुटली म्हणून तो लेखक झाला, हा समज कालक्रमाला धरून नाही.

आणि नोकरी सुटली ती मुळात लेखनासाठी नव्हेच. 8 फेब्रुवारी 1921 रोजी गोरखपूरला महात्मा गांधींची सभा झाली. सरकारी नोकऱ्या सोडा, असे आवाहन त्या सभेत झाले. प्रेमचंद त्या वेळी प्रकृतीने खचलेले होते. पोटाच्या विकाराने त्यांची पाठ कधीच सोडली नाही. घरात दोन मुले, पत्नी शिवरानीदेवींना दिवस गेलेले. सभेहून परतल्यावर हा माणूस तडक राजीनामा लिहायला बसला नाही. त्याने पत्नीला विचारले. तिनेही लगेच होकार दिला नाही. विचार करायला अवधी मागून घेतला, आणि मग होकार दिला. शिवरानीदेवी बालविधवा होत्या, 1906 मध्ये त्यांचा प्रेमचंदांशी विवाह झाला होता. पुढे त्या स्वतः कथा लिहू लागल्या आणि 1930 च्या चळवळीत तुरुंगातही गेल्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी लिहिलेले 'प्रेमचंद घर में' हे पुस्तक 1944 मध्ये प्रसिद्ध झाले. नोकरी सोडण्याच्या त्या दिवसांची हकीकत त्यात आली आहे, आणि ती एका थोर पुरुषाच्या त्यागाची गोष्ट म्हणून आलेली नाही. नवरा-बायकोने मिळून घेतलेला एक कठीण निर्णय म्हणून आली आहे. आपल्या चरित्रग्रंथांतून या मधल्या दिवसांना बहुधा जागाच मिळत नाही. घर चालवणारीच्या मनात तेव्हा कोणता हिशेब चालला असेल, तो वहीत उतरलेला नसतो.

मार्च 1921 मध्ये कुटुंब गोरखपूर सोडून काशीकडे आले. इथून पुढच्या पंधरा वर्षांचा जमाखर्च मात्र कोणत्याही पालकाला अस्वस्थ करील असा आहे. आधी कानपूरच्या एका खासगी शाळेत मुख्याध्यापकी. व्यवस्थापनाशी पटले नाही, वर्षाच्या आतच ती सुटली. मग 'मर्यादा' मासिकाचे संपादन, मग काशी विद्यापीठाच्या शाळा विभागात काम, मग लखनौला 'माधुरी'चे संपादन. एक नोकरी सोडलेल्या माणसाने पुढे किती नोकऱ्या केल्या, याची ही अपुरीच नोंद आहे. स्वतंत्र लेखक म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो प्रत्यक्षात पगाराशिवाय फार थोडे दिवस राहिला. फरक पडला तो एवढाच, की आधीचा पगार ठरल्या दिवशी येत असे.

त्यातच 1923 मध्ये काशीला सरस्वती प्रेस काढला. लेखकाने छापखाना काढावा, ही हौस मराठीतही अनेकांना महागात पडली आहे. टाइप, कागद, शाई, कामगारांचे पगार, उधारीवर पुस्तके नेणारे विक्रेते: यांतली एकही गोष्ट गोष्टीवेल्हाळ माणसाच्या स्वभावाशी जुळणारी नाही. 1930 मध्ये 'हंस' मासिक आणि 1932 मध्ये 'जागरण' साप्ताहिक यांचा भार त्या छापखान्यावर पडला. पुस्तकांतून जे मिळे ते नियतकालिके गिळत. शिवरानीदेवींनी लिहिले आहे, की थंडीसाठी गरम कपडे शिवावेत म्हणून त्यांनी पतीच्या हाती पैसे दिले, ते त्यांनी छापखान्याच्या कामगारांना वाटून टाकले. पुन्हा दिले, तेही तसेच गेले. या प्रसंगाचे पोवाडे गायले जातात. परंतु कामगारांचे पगार थकलेले होते, हेही त्याच प्रसंगात आहे. औदार्य आणि थकबाकी अशी एकाच खिशात नांदत होती.

आणि तरीही याच वर्षांत 'रंगभूमी', 'निर्मला', 'गबन', 'कर्मभूमी' या कादंबऱ्या लिहून झाल्या. 'गबन' तर दागिन्यांच्या हौसेपायी, पगाराबाहेरचा खर्च करणाऱ्या एका तरुण कारकुनाची गोष्ट आहे. महिनाअखेर ज्याने जवळून पाहिली नाही, त्याच्या हातून ती उतरली नसती.

मुंबईच्या मराठी माणसाला या कथेचा एक धागा अगदी जवळचा आहे. कर्जाच्या ओझ्याने वाकलेले प्रेमचंद 31 मे 1934 रोजी मुंबईत उतरले आणि दादरला राहिले. अजंता सिनेटोन या चित्रपटसंस्थेने वर्षाला आठ हजार रुपयांचा करार केला होता. त्यांनी 'मजदूर' हा बोलपट लिहिला, त्यात कामगारांच्या पुढाऱ्याची लहानशी भूमिकाही केली. गिरणगावापासून हाकेच्या अंतरावर राहून गिरणी कामगारांवर लिहिलेला तो चित्रपट मुंबईतच दाखवला जाऊ शकला नाही. मालकवर्गाला तो रुचणारा नव्हता. कामगारांच्या हक्कांवर पटकथा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या छापखान्यात मात्र थकलेल्या पगारासाठी संप झाला. पैसा चांगला होता, पण लिहिलेल्या ओळीवर लेखकाची सत्ता नव्हती. 4 एप्रिल 1935 रोजी, वर्षाचा करार पुरा होण्याआधीच, त्यांनी मुंबई सोडली. 1921 च्या राजीनाम्याला देशाची हाक होती, सभा होती, वातावरण होते. दादरहून निघताना यांपैकी काहीच नव्हते. आठ हजारांची नोकरी आणि अपुरी राहिलेली 'गोदान' यांतून निवड करायची होती, आणि ती एका चोपन्न वर्षांच्या आजारी माणसाने केली. लेखनासाठी नोकरी सोडली असे ज्याला खरोखर म्हणता येईल, तो हा प्रसंग होय. पाठ्यपुस्तकांत मात्र तो क्वचितच सापडतो.

मराठीत या संदर्भात विष्णुशास्त्री चिपळूणकर आठवणे अपरिहार्य आहे. 'निबंधमाला' त्यांनी 1874 मध्ये सुरू केली ती सरकारी शाळेत शिक्षक असतानाच. पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली आणि पुढे 1879 मध्ये त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. पण त्या राजीनाम्यातून निघाली ती एक शाळा: 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. मागोमाग छापखाना आणि वृत्तपत्रे आली. 17 मार्च 1882 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, सारे संपले. नोकरीतून सुटल्यावर त्यांना मिळालेली वर्षे तीनही भरत नाहीत.

उलट बाजूला गजानन माधव मुक्तिबोध उभे आहेत. श्योपूरला मराठी घरात जन्मलेला हा माणूस हिंदीचा थोर कवी झाला आणि धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतच लिहीत राहिले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. मुक्तिबोधांना नोकरी सोडून निव्वळ लेखन करण्याची चैन कधी परवडली नाही. शाळा, वृत्तपत्रे, आकाशवाणी असे करीत 1958 मध्ये राजनांदगावच्या महाविद्यालयात थोडे स्थैर्य लाभले, आणि 1964 मध्ये ते गेले. पहिला कवितासंग्रह छापून हातात पडलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. नोकरी न सोडणाराही तेवढीच किंमत मोजतो. फक्त त्याच्या नावे राजीनाम्याची गोष्ट जमा होत नाही.

आपल्यासमोर बसलेल्या कित्येक घरांत आज किंवा उद्या हा विषय निघेल. चांगल्या कंपनीत लागलेली मुलगी म्हणेल, आता लिहायचे आहे. त्या वेळी तिला प्रेमचंदांचे नाव घेऊन उत्तेजन देणेही चूक आणि त्यांच्या कर्जाचा हवाला देऊन गप्प बसवणेही चूक. तिने आतापर्यंत, ऑफिस सांभाळून, काय लिहिले आहे, हे आधी वाचायला मागावे. आणि एक तारखेचा हिशेब कोण कसा सांभाळणार, हे घरातील सर्वांनी एकत्र बसून मोकळेपणाने बोलावे. गोरखपूरच्या त्या घरात बोलले गेले तसे.

'गोदान' 1936 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला प्रेमचंद निवर्तले. शेवटच्या आजारपणात ते 'मंगलसूत्र' नावाची कादंबरी लिहीत होते. तिचा नायक देवकुमार हा उतारवयातील लेखक आहे. आयुष्यभर साहित्याची सेवा केली, कीर्ती मिळाली, पैसा मिळाला नाही. आणि वकील झालेला थोरला मुलगा वडिलांनी स्वस्तात घालवलेल्या मालमत्तेचा जाब विचारतो आहे. बापलेकांच्या त्या वादात प्रेमचंदांनी मुलाच्या तोंडी दुबळे युक्तिवाद घातलेले नाहीत. कादंबरी मात्र अपुरीच राहिली. तिची चारच प्रकरणे लिहून झाली होती.