आजाराचे अंदाजपत्रक

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला ‘परदेशातील उपचार आणि त्यांचा खर्च’ हा विषय दिला, तेव्हा प्रथम मला हसूच आले. आपल्यापैकी बहुतेकांचा विमानाशी संबंध ओझरला विमान उतरताना पाहण्यापुरता. पण बँकेत वीस-बावीस वर्षे काउंटरवर बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. परदेशी उपचारांची चौकशी करायला फक्त बंगल्यातले लोक येत नाहीत. शिक्षक येतो, द्राक्षबागायतदार येतो, मुलगा आखातात कामाला असलेली विधवा आई येते. घरात मोठा आजार निघाला की माणूस आपली ऐपत विसरतो आणि ते स्वाभाविक आहे. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर, नोकरीने कारकून. तेव्हा औषधाबद्दल मी काही बोलणार नाही, बेरजेबद्दल बोलणार आहे.

आधी एक जुनी हकीकत सांगतो. लेडी मेहेरबाई टाटा, म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी, यांना रक्ताचा कर्करोग झाला. त्या काळी अशा रोगाचे खास रुग्णालय आपल्याकडे नव्हते. उपचार विलायतेत चालले होते आणि १९३१ साली वेल्समधल्या रुथिन या गावी त्यांचे निधन झाले. ज्या घरात पैशाचा प्रश्नच नव्हता त्या घरातली ही गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी दोराबजींनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या न्यासाच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईला परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालेला माणूस आज दुपारच्या आत ज्या दारात उभा राहतो, ते दार एका परदेशी उपचारातून उघडलेले आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. वहिनींच्या मुलांची परवानगी घेऊन सांगतो आहे.

२०१३ च्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाच्या पत्नीला रक्ताचाच आजार निघाला. दादा एका कारखान्यात फिटर. पाथर्डी फाट्याकडे त्याने हप्ते भरून घेतलेला एक लहानसा प्लॉट होता. दोन मुले शाळेत. आखातात असलेल्या मेहुण्याने धावपळ करून परदेशातल्या एका रुग्णालयाचे पत्र मागवले. पहिल्या टप्प्याचा खर्च चाळीस हजार अमेरिकी डॉलर. दादा पत्र घेऊन माझ्याकडे आला, कारण घरात बँकेतला मी एकटा. मी रात्री बसून कागद केला. डॉलर पंचावन्न रुपयांच्या आसपास होता, म्हणून बावीस लाख. त्यात दोन तिकिटे मिळवली आणि खाली दोन रेघा मारल्या. मला वाटले, झाले अंदाजपत्रक.

तो कागद किती कच्चा होता, हे मला पुढच्या तीन महिन्यांत समजले. ऑगस्टच्या अखेरीस डॉलर अडुसष्टच्या वर गेला. तेच चाळीस हजार डॉलर आता सत्तावीस लाख वीस हजारांना पडणार होते. रुग्णालयाने एक पैसा वाढवला नव्हता, आजारही तोच होता, आणि खर्च पाच लाख वीस हजारांनी वाढलेला. परकीय चलनातला खर्च मांडताना आजचा भाव धरून चालत नाही. शिवाय वर्तमानपत्रात छापून येतो तो भाव आपल्याला मिळत नसतो. बँक ज्या भावाने डॉलर विकते तो त्याहून चढा असतो, वर पाठवणीचा खर्च वेगळा. मी स्वतः बँकेत असून हे विसरलो होतो. लाज वाटते, पण सांगतो.

दुसरी चूक याहून मोठी होती. रुग्णालयाच्या पत्रात रुग्णालयाचाच खर्च असतो. सोबत जाणारी दोन माणसे तीन-चार महिने कुठे राहणार, काय खाणार? तेवढे दिवस दादाचा पगार बुडणार, तो कुठे लिहायचा? उपचार संपल्यावर दर काही महिन्यांनी तपासणीला परत जायचे, त्याची तिकिटे? गावी आल्यावर वर्षानुवर्षे चालणाऱ्या गोळ्या? गुंतागुंत झाली आणि अतिदक्षता विभागात आठ दिवस जास्त काढावे लागले तर? आणि एक रकाना असा आहे की जो कोणीच लिहीत नाही. माणूस तिथे गेला आणि तिथेच वारला, तर त्याला घरी आणायचा खर्च. हे बोलायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्यावर ती वेळ आली, त्यांना परक्या मुलखात ओळखीपाळखीशिवाय उसनवारी करावी लागली, हेही मी काउंटरवर ऐकले आहे.

मी दुसरा कागद केला. बेरीज पंचेचाळीस लाखांच्या पुढे गेली. तो कागद वाचताना वहिनी आत पडून ऐकत होत्या. त्यांनी हाक मारली आणि विचारले, “भाऊजी, ह्या कागदात माझ्या पोरांची फी कुठं लिहिलीय?”

मी काय उत्तर देणार? ती कुठेच लिहिलेली नव्हती.

प्लॉटचा सौदा त्या दिवशी थांबला. वहिनींना परळला नेले. तिथे नाव नोंदवतानाच ‘जनरल’ की ‘प्रायव्हेट’ असे विचारतात, आणि पुढचा सगळा खर्च त्या एका शब्दावर अवलंबून असतो. आम्ही जनरलमध्ये नाव घातले. रांगा लांब, पण डॉक्टर तेच. राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. गाडगेबाबांनी आणि त्यांच्या माणसांनी देवळाऐवजी धर्मशाळा का बांधल्या, हे पुस्तकात वाचून मला जेवढे कळले नव्हते, तेवढे त्या ओसरीवर बसून कळले. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे, तेही लक्षात ठेवा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण आणि द्वितीय वर्गात पाऊण सवलत आहे, सोबतच्या माणसालाही पाऊण सवलत मिळते. पहिल्या तीन फेऱ्या आम्ही पूर्ण तिकीट काढून केल्या, कारण कुणी सांगितलेच नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

सरकारी योजनेची गंमत ऐका. गंमत कसली, हळहळच म्हणा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारच्या धुळ्याचा नंबर त्यात लागला, नाशिकचा नाही. आपल्याकडे ती आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. दादाचे केशरी कार्ड मे महिन्यात निरुपयोगी होते, नोव्हेंबरात कामाला आले. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते, सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. मात्र ती यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच लागू होते, परदेशात नाही. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. हे खिरापतीसारखे मागायचे नसते, उत्पन्नाचा दाखला समोर ठेवून हक्काने मागायचे असते. आणि मुंबईच्याही आधी आपल्या शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात एकदा जाऊन यावे. हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोग यांसाठीच ते बांधलेले आहे. आपल्या गावातली गोष्ट आपल्याला हलकी वाटते, हा आपला दोषच आहे.

मग परदेशी कधी जाऊच नये का? असे मी म्हणत नाही. काही उपचार खरोखरच इथे नसतात. पण डॉक्टरांना एक प्रश्न आधी विचारा: माणूस तिकडे नेण्याऐवजी औषध इकडे येईल का? २०२१ साली मुंबईतल्या काही महिन्यांच्या एका मुलीला स्नायूंच्या दुर्मिळ आनुवंशिक आजारासाठी अमेरिकेतून औषध आणावे लागले. किंमत सुमारे सोळा कोटी. लोकवर्गणीतून पैसे उभे राहिले, सुमारे सहा कोटींचा कर केंद्राने माफ केला आणि इंजेक्शन मुंबईतच दिले गेले. १ एप्रिल २०२३ पासून राष्ट्रीय धोरणात नोंदलेल्या दुर्मिळ आजारांसाठी स्वतःच्या वापराकरिता मागवलेल्या औषधांवरचे सीमाशुल्कच काढून टाकले आहे. पण लोकवर्गणीवर भिस्त ठेवून अंदाजपत्रक करू नका. ज्यांची वर्गणी जमते त्यांची बातमी होते, ज्यांची जमत नाही त्यांची होत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच पेशी बदलून परत देण्याची ‘कार-टी’ नावाची उपचारपद्धती आहे. परदेशात तिला तीन-चार कोटी रुपये लागतात. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक यांनी मिळून ती इथेच तयार केली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात. आपल्याला हेही फार आहेत, हे मी जाणतो. तरी दहा वर्षांपूर्वी जे पत्र मागवायला परदेशी लिहावे लागत होते, ते आज परळला मिळू शकते. म्हणून जुन्या माहितीवर निर्णय घेऊ नका.

जायचेच ठरले, तर बँकेच्या बाजूने थोडे सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. उपचाराला त्याहून जास्त लागले, तर डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे खर्चाचे पत्र लागते. पॅन कार्ड आणि ए-टू फॉर्म तयार ठेवा. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यावर पाठवा. वर्षात दहा लाखांच्या वर रक्कम गेली की वरच्या रकमेवर बँक कर गोळा करते. तो विवरणपत्र भरून वळता करता येतो किंवा परत मिळतो, पण त्या दिवशी तुमच्या खिशातून जातोच. म्हणून त्याचाही रकाना करा. मी स्वतः आता एकूण बेरजेवर चौथा हिस्सा वाढवून धरतो.

पैसे उभे करताना मुदत ठेव मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. मग सोने. जमीन अगदी शेवटी, कारण अडलेल्याची जमीन पडत्या भावाने जाते. महिन्याला शेकडा तीन-चार घेणाऱ्या सावकाराकडे मात्र जाऊच नका. एकदा त्याच्या दारात गेलेला माणूस रोगातून उठला तरी व्याजातून उठत नाही, हे मी पाहिले आहे.

वहिनी त्यानंतर तीन वर्षे होत्या. त्यांपैकी दोन वर्षे बऱ्या गेल्या. डबा करीत, मुलांचा अभ्यास घेत. २०१६ च्या पावसाळ्यात त्या गेल्या. प्लॉट राहिला, त्यावर कर्ज काढून मुलगी नर्सिंग शिकली, मुलगा डिप्लोमाला गेला. तरी दादा अजून कधीकधी रात्री विचारतो, “तिकडं नेलं असतं तर?” डॉक्टरांना मी विचारले होते. ते म्हणाले, इथे दिले तेच औषध तिथेही दिले असते. हे मी दादाला अनेकदा सांगितले आहे. तो मान हलवतो आणि पुन्हा विचारतो. ते दोन्ही कागद माझ्या फायलीत आहेत. दुसऱ्या कागदाच्या कडेला मी त्याच रात्री पेन्सिलीने ‘मुलांची फी’ असे लिहिले होते. पुढची रक्कम कोरी आहे.

कार्यकारिणीने सुचवल्याप्रमाणे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या कार्यालयात बसणार आहे. ज्यांच्या घरात मोठा आजार आहे त्यांनी यावे, आपण मिळून कागद करू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपैकी दोघे-तिघे मदतीला आले तर बरे होईल. येताना शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांची फाईल आणि कुठे किती देणे आहे याची खरी यादी आणावी. देणे लपवू नये. मूळ कागद घरीच ठेवा, झेरॉक्स पुरे. आणि शक्य असेल तर रुग्णालाही सोबत आणा.