घरबसल्या रोजगार : संधी आणि सावधानता

(स्वयंरोजगार करणारे तरुण आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी मध्यमवर्गीय घरात एके काळी ‘मुलगा नोकरीला लागला’ या वाक्याचा अर्थ सरळ होता. नियुक्तिपत्र आले, कार्यालय ठरले, महिन्याच्या महिन्याला पगार सुरू झाला. आज अनेक घरांत चित्र वेगळे आहे. सांगली, लातूर किंवा रत्नागिरीतील मुलगी घरातल्या एका खोलीत संगणकासमोर बसते आणि परदेशातील एखाद्या दुकानदारासाठी बोधचिन्ह तयार करते. कोणी भाषांतर करतो, कोणी हिशेब लिहितो, कोणी संगणकप्रणाली रचतो. काम देणारा आणि काम करणारा यांची गाठ घालून देणारी संकेतस्थळे हे या व्यवहाराचे माध्यम आहे. इस्रायलमध्ये २०१० साली सुरू झालेले फायवर, ऑस्ट्रेलियातील फ्रीलान्सर, आणि ईलान्स व ओडेस्क या दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून उभे राहिलेले अपवर्क ही त्यांतील ठळक नावे.

ही संधी लहान नाही. गाव न सोडता, आई-वडिलांजवळ राहून, भांडवल आणि ओळखपाळख नसताना केवळ आपल्या कौशल्यावर जगाच्या बाजारात उभे राहता येते. स्वावलंबनाचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जेथे बाजार भरतो तेथे खिसेकापूही येतात. त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

खाते म्हणजे पेढीची पत

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. अशा संकेतस्थळावरील खाते हे केवळ नाव आणि परवलीचा शब्द नसते. जुन्या काळी पेढीची पत असे, तशी ती त्या तरुणाची पत असते. प्रत्येक कामानंतर ग्राहक अभिप्राय देतो, गुण देतो. तीन-चार वर्षे रात्रीचा दिवस केल्यावर पन्नास-शंभर ग्राहकांचा विश्वास त्या खात्यावर जमा होतो आणि पुढचे काम त्या विश्वासाच्या बळावर मिळते.

चोराला हीच पत हवी असते. खाते हाती लागले की तो प्रथम परवलीचा शब्द बदलतो, मग पैसे ज्या बँकेत जमा व्हायचे ती नोंद बदलतो, आणि मग तुमच्याच नावाने तुमच्या जुन्या ग्राहकांना फसवतो. साठलेले पैसे जातातच; पण त्याहून अधिक म्हणजे अब्रू जाते. गेलेले पैसे पुन्हा कमावता येतात. ‘याने आम्हाला लुबाडले’ असा शिक्का पुसणे फार कठीण असते.

गळ आणि आमिष

या फसवणुकीला इंग्रजीत ‘फिशिंग’ म्हणतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या ग्राहकांचे परवलीचे शब्द खोट्या संदेशांद्वारे चोरणाऱ्यांमुळे हा शब्द रूढ झाला. अर्थ मासे पकडण्याचाच. पाण्यात गळ टाकायचा, आमिष लावायचे आणि वाट पाहायची. माशाला गळ दिसत नाही, आमिष दिसते. माणसासाठी आमिषे तीनच आहेत : आशा, भीती आणि घाई.

आशेचे आमिष असे. नव्याने खाते उघडलेल्या तरुणाला पहिल्याच दिवशी एक ‘ग्राहक’ संदेश धाडतो. काम सोपे, मोबदला डोळे दिपवणारा. ‘येथे नको, टेलिग्रामवर बोलू’ असे तो सुचवतो. पुढे सांगतो की पैसे पाठवले आहेत, ते जमा होण्यासाठी या दुव्यावर जाऊन खाते पडताळून घ्या. दुवा उघडला की हुबेहूब मूळ संकेतस्थळासारखे पान दिसते. तेथे नाव आणि परवलीचा शब्द लिहिला की तो थेट चोराच्या वहीत जातो. कधी दुव्याऐवजी क्यूआर कोडचे चित्र येते. ते मोबाइलने टिपले की आपण लहान पडद्यावर येतो. तेथे पत्ता नीट दिसत नाही आणि संगणकावरील संरक्षणही उपयोगी पडत नाही.

भीतीचे आमिष याच्या उलट. ‘साहाय्य विभाग’ अशा नावाने संदेश येतो : आपले खाते नियमभंगामुळे २४ तासांत बंद होत आहे, त्वरित पडताळणी करा. नाव आणि चिन्ह कोणीही लावू शकतो. खाकी कपडे घातलेला प्रत्येक जण पोलीस नसतो. आणि घाई तर दोन्हींच्या पाठीशी उभी असतेच. विचार करायला वेळ मिळाला तर मासा निसटेल, हे कोळी जाणून असतो.

येथे एक साधा नियम लक्षात ठेवावा. या संकेतस्थळांची रीत अशी की ठरीव मोबदल्याच्या कामाचे पैसे ग्राहकाने आधीच त्यांच्याकडे सोपवायचे आणि काम पुरे झाले की ते तुमच्या खात्यात यायचे. म्हणूनच सारा व्यवहार त्याच आवारात ठेवावा. पैसे घेण्यासाठी कार्डाचा गुप्त क्रमांक, ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. काम मिळवण्यासाठी ग्राहकाला ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘अनामत’ द्यावी लागत असेल, तर तो ग्राहक नव्हे. डेटा एंट्रीच्या नावाने करारावर सही घ्यायची, अशक्य अचूकतेची अट घालायची आणि मग वकिलाची नोटीस दाखवून पैसे उकळायचे, हाही याच जातीचा प्रकार. अनेक गृहिणी आणि निवृत्त मंडळी अशा नोटिशीला घाबरून पैसे भरतात. घाबरू नये, पैसे न भरता पोलिसांकडे जावे.

पत्ता वाचण्याची विद्या

दुवा खरा की खोटा हे ओळखण्याची एक युक्ती शाळकरी मुलालाही शिकवता येते. संकेतस्थळाचा पत्ता पाहताना पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी आणि तेथून उजवीकडून डावीकडे वाचावे. ‘डॉट कॉम’च्या लगेच डावीकडे जो शब्द असेल तो खरा मालक. त्याच्याही डावीकडे लिहिलेले सारे सजावट असते. पत्त्यात आधी ‘फायवर’, मग टिंब, मग ‘सेफ-पेमेंट डॉट कॉम’ असे असेल, तर मालक फायवर नव्हे, ‘सेफ-पेमेंट’ नावाचा कोणी अनोळखी आहे. दारावरच्या पाटीत आपण आडनाव पाहतो, तसेच हे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर येण्यास सांगितले, ते याच कारणाने. आणि सर्वांत उत्तम म्हणजे संदेशातल्या दुव्यावरून जाऊच नये. पत्ता स्वतः लिहून आत जावे आणि खरोखर काही सूचना आहे का ते पाहावे.

धारिकेत लपलेला शत्रू

दुसरा मार्ग धारिकेचा, म्हणजे फाइलचा. ‘कामाचा तपशील सोबत जोडला आहे’ असे सांगून एक गाठोडे पाठवले जाते. विंडोजमध्ये मुळात परिचित धारिकांचे शेवटचे अक्षरसमूह लपवलेले असतात. त्यामुळे ‘तपशील डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही धारिका केवळ ‘तपशील डॉट पीडीएफ’ अशी दिसते. कागद समजून आपण ती उघडतो आणि प्रत्यक्षात एक आज्ञावली चालू होते. गाठोड्याला परवलीचा शब्द लावलेला असेल तर अधिकच सावध व्हावे. विषाणुशोधकाला आत डोकावता येऊ नये म्हणून ही क्लृप्ती केली जाते. अशी आज्ञावली ब्राउझरमध्ये साठवलेले परवलीचे शब्द तर उचलतेच, शिवाय ‘हा मनुष्य आत आलेला आहे’ अशी जी खूण, म्हणजे कुकी, असते तीही पळवते. मग चोराला ओटीपीचीही गरज उरत नाही.

याचे गांभीर्य किती मोठे आहे पाहा. संगणकप्रणाली लिहिणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांना खोट्या मुलाखतीसाठी बोलवायचे आणि ‘परीक्षा’ म्हणून दिलेल्या आज्ञावलीत घातक भाग दडवायचा, अशी एक मोहीम पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये उघड केली. स्लोव्हाकियातील ईसेट या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखवून दिले की या मोहिमेत अपवर्क आणि फ्रीलान्सरसारख्या संकेतस्थळांचाही वापर झाला होता. संशोधकांनी तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. हे दूरचे प्रकरण वाटत असेल तर पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँक आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या यंत्रणेवर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये अनेक देशांतून काढले गेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या २०१९ च्या अहवालात त्याचा उल्लेख उत्तर कोरियाच्या कारवायांमध्ये झाला. आपल्या आवडत्या पुण्यनगरीतील सामान्य सभासदांची बँक आणि एखाद्या तरुणाचा संगणक, दोन्हींच्या दाराशी आज परकीय सत्ता येऊन उभी राहू शकते.

खाते भाड्याने देऊ नका

आणखी एका मोहाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ‘तुमचे खाते आम्ही चालवतो, दरमहा अमुक रक्कम घरबसल्या घ्या’ अशी विचारणा अनेक तरुणांना होते. यात काय बिघडले, असे वाटते. बिघडते ते असे : मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र व अर्थ विभागांनी आणि एफबीआयने काढलेल्या सूचनापत्रात म्हटले आहे की उत्तर कोरियाचे संगणककर्मी इतरांच्या नावावरील खाती वापरून कामे मिळवतात आणि तो पैसा त्या राजवटीच्या शस्त्रकार्यक्रमाकडे जातो. तुमच्या ओळखपत्रावर कोण काम करतो, कोणाचा पैसा फिरवतो, हे तुम्हाला कळणार नाही. मात्र चौकशी तुमच्याच दाराशी येईल. बँक खाते वापरायला देणाऱ्याचीही हीच गत होते. आपले नाव ही आपल्या पूर्वजांनी दिलेली ठेव आहे. ती भाड्याने देण्याची वस्तू नव्हे.

गडाचे नियम

‘विश्वास पानिपतात गेला’ अशी म्हण आपल्याकडे आहे. विश्वासराव १७६१ च्या त्या संग्रामात पडले, त्या दुःखातून ती आली. पण विश्वासावाचून व्यापार होत नाही. शिवरायांनी १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट टाळली नाही. ते भेटीला गेले, पण अंगरख्याखाली चिलखत घालून. आपल्यालाही बाजारात जायचेच आहे, चिलखत घालून.

हे चिलखत पाच कड्यांचे. एक, प्रत्येक ठिकाणी निराळा आणि लांब परवलीचा शब्द ठेवावा. ते सांभाळायला पासवर्ड व्यवस्थापक ही प्रणाली वापरावी. खोट्या पत्त्यावर ती शब्द भरतच नाही, हा तिचा मोठा गुण. दोन, दुहेरी पडताळणी सुरू करावी. शक्य असेल तेथे ‘पासकी’ वापरावी, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते आणि फसवून काढून घेता येत नाही. तीन, ई-मेलचे खाते सर्वांत कडेकोट ठेवावे. बाकी सर्व खात्यांच्या किल्ल्या तेथून मिळतात. चार, संकटकाळी लागणारी राखीव सांकेतांकांची यादी कागदावर लिहून कपाटात ठेवावी. पाच, कामाचा संगणक घरातील मुलांच्या खेळांसाठी आणि फुकट उतरवलेल्या चोरट्या प्रणालींसाठी वापरू नये.

घात झालाच तर

इतके करूनही घात होऊ शकतो. तेव्हा रडत बसू नये. दुसऱ्या, निर्धोक संगणकावरून प्रथम ई-मेलचा परवलीचा शब्द बदलावा, मग त्या संकेतस्थळाचा. सर्व ठिकाणांहून ‘बाहेर पडा’ ही आज्ञा द्यावी. पैसे काढण्याची बँक-नोंद आणि ई-मेल परस्पर दुसरीकडे वळवला जात नाही ना, हे पाहावे. संकेतस्थळाला आणि ग्राहकांना कळवावे. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे आणि केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतो; म्हणून पहिले काही तास मोलाचे. पडद्याची छायाचित्रे आणि संदेश पुसू नयेत, तो पुरावा असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी व ६६-डी या कलमांखाली दुसऱ्याची ओळख चोरणे आणि तोतयेगिरीने फसवणे यांना तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

आता पालकांना एक विनंती. रायगडाची हिरकणीची कथा आपण मुलांना सांगतो. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे मिटले आणि ओळखीच्या गवळणीलाही पहारेकऱ्यांनी सोडले नाही, कारण नियम तो नियम. पण कथेचा उत्तरार्ध अधिक शिकवणारा आहे. ती माउली तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली, हे कळल्यावर महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला. आपल्या घरातील मुलगा-मुलगी फसली तर ‘तुला अक्कल नाही’ म्हणून त्यांना लाजवू नका. लाजेने लपवलेली गोष्ट चोराच्याच पथ्यावर पडते. फट कोठे राहिली ते शोधा आणि तेथे बुरूज बांधा.

कार्यकर्त्यांकडूनही एक अपेक्षा आहे. आपला घराघरांशी संपर्क असतो. पुढच्या महिन्याभरात प्रत्येकाने आपल्या परिचयाच्या चार घरांत जावे. भाषण करू नये; घरातल्या तरुणाच्या शेजारी बसून दुहेरी पडताळणी सुरू करून द्यावी, पत्ता कसा वाचावा ते दाखवावे आणि १९३० हा क्रमांक आजी-आजोबांसह सर्वांच्या मोबाइलमध्ये नोंदवून द्यावा. ‘दक्ष’ हा शब्द आपण मैदानावर रोज ऐकतो. तो घरातल्या संगणकापर्यंत पोहोचवणे हेही समाजकार्यच आहे.

भारत माता की जय.