शनिवार तेल्यांचे धर्मशास्त्र



कोकणात अलिबाग, पेण, रोहे या पट्ट्यात तेलाचा घाणा चालविणारी जी घराणी होती, त्यांत दोन प्रकारचे तेली ओळखले जात. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनिवार तेली. सोमवारचा संबंध कोणाशी, हे महाकालाच्या नगरीत सांगावयास नको. शनिवारचा संबंध मात्र शनीशीही नव्हता आणि मारुतीशीही नव्हता. हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले; सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कथेतील काळ निश्चित सांगता येत नाही. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विसरली, गावांवरून किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे पडली. उरले काय? शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी होणारी सुंता, ‘हे इस्राएला, ऐक, परमेश्वर एकच आहे’ अशा अर्थाची ‘शेमा’ ही प्रार्थना, आणि अन्नाचे नियम. डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी यहुद्याने म्हणे स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेविले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे निवडून काढले, तेव्हा त्याची खात्री पटली. ही आख्यायिका असो; पण धर्मशास्त्र चुलीपाशी टिकते, हे मर्म तिने अचूक टिपले आहे.

शेजारच्या माणसाला या लोकांविषयी पडणारे प्रश्न साधेच असत. मासे खाता, मग कोळंबी का नाही? कारण तिला खवले नाहीत, पर नाहीत. मटणाच्या रश्शात दही का नाही? ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये’ ही मोशेच्या शास्त्राची आज्ञा; तिच्यावरून मांस आणि दूधदुभते एका पंक्तीत येऊ द्यावयाचे नाही असा दंडक निघाला. कोकणातल्या गृहिणीला तो जड गेला नाही. रश्शाला नारळाचे दूध, गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातला. नारळ दारात असताना दुधाची खंत कोणी करावी! शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, कारण त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. त्यानंतर शनिवारी तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवावयाचा नाही, म्हणून दिवा आधीच लावून ठेवावयाचा. द्राक्षासव मिळाले नाही तर काळ्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणावयाचा. देव निराकार, प्रार्थनागृहात मूर्ती नाही, चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोरा मात्र कपाटात असते, आणि आपल्याकडे ते कपाट पश्चिमेला, म्हणजे जेरुसलेमकडे असते.

उज्जैनच्या श्रोत्यांना त्यांच्या पंचांगाचे अगत्य वाटावे. महिना चंद्राचा, वर्ष मात्र सूर्याला धरून. म्हणून १९ वर्षांत ७ अधिक महिने. वेधशाळेच्या या गावी ही रीत परकी वाटणार नाही. सणांची त्यांची जुनी नावे तर निखळ कोकणी आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. वल्हांडणाला ते ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. अनस म्हणजे आंबट पदार्थाचे भांडे. ते त्या दिवसांत झाकून ठेवावयाचे. मिसरदेशातून सुटका झाली तेव्हा पीठ आंबण्यासही अवकाश मिळाला नाही, म्हणून आंबलेले वर्ज्य, हे मूळ कारण विस्मरणात गेले होते. भांडे झाकण्याची चाल मात्र गेली नव्हती. शास्त्री मंडळींनी या एका गोष्टीवर विचार करावा.

नवस फिटला की ‘मलिदा’ करतात. पोहे, गूळ अथवा साखर, खोबरे आणि फळे असे ताट मांडून एलियाहू संदेष्ट्याचे स्मरण करावयाचे. सत्यनारायणाच्या प्रसादाशी तुलना केली तर त्यांना राग येत नाही. पूजा मात्र ते एलियाहूची करीत नाहीत, प्रार्थना देवाचीच.

पुढे पोथ्या परत आल्या. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण दिले. त्याचा हेतू धर्मांतराचा होता, लाभ झाला तो मूळ धर्मालाच. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांतील बायका लुगडे नेसलेल्या आहेत.

खरा कसोटीचा प्रसंग पुढेच होता. इस्रायल देश झाला, हजारो मराठी यहुदी तिकडे गेले, आणि १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश दिला. शंका अशी: शास्त्रोक्त सोडचिठ्ठीचा विधी या लोकांना शतकानुशतके ठाऊक नव्हता, मग एखादी स्त्री त्याविना दुसऱ्याच्या घरी नांदली असेल, तर तिच्या संततीचे काय? काटेकोर शास्त्र म्हणून प्रश्न गैर नव्हता. परंतु ज्यांनी ग्रंथाविना शनिवार पाळला, त्यांच्याकडेच दाखला मागावा, हा न्याय नव्हे. जेरुसलेमात त्यांनी धरणे धरले. १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले आणि आदेशातून बेने इस्रायलांचे नाव वगळले गेले. मात्र याच समाजाने स्वतःत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद मानून कित्येक पिढ्या रोटीबेटी टाळली होती, हेही विसरू नये.

तिकडे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. मुलुखापासून दूर मराठी जपणे म्हणजे काय, हे माळव्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. इकडे मात्र घरे रिती झाली. १९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे २६ हजार यहुदी होते. २०११ मध्ये पाच हजारही नव्हते. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. पण सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष हवेत, असा त्यांचा नियम आहे. नऊ असले तर तोरा कपाटातून बाहेर काढीत नाहीत. कोकणात आता सणासुदीला मुंबई-ठाण्याहून मंडळी येतात, तेव्हा कोठे दहा भरतात.