वंशावळीची वही आणि शर्यतीचें मैदान

घोड्यांची शर्यत पाहणाराच्या दृष्टीनें दोन-तीन मिनिटांत आटोपते. टापांचा आवाज जवळ येतो, रंगीबेरंगी अंगरखे डोळ्यांसमोरून सरकतात, शेवटच्या खांबापाशीं एक नाक दुसऱ्या नाकाच्या किंचित् पुढें असतें, आणि पैज लावणाऱ्यांपैकीं थोडे हसत व पुष्कळसे मुकाट्यानें घरीं परततात. परंतु त्या दोन-तीन मिनिटांच्या पाठीशीं सुमारें तीन शतकांचा इतिहास उभा असतो, आणि त्याचा मोठा भाग मैदानावर नव्हे, तर एका जाडजूड वहींत लिहिलेला आहे. शर्यतीच्या घोड्याला इंग्रजींत ‘थरोब्रेड’ म्हणतात. मराठींत त्याला जातिवंत म्हणावें. तो जातिवंत कशावरून ठरतो? वेगावरून नव्हे, रूपावरूनहि नव्हे. त्याच्या आईबापांचीं नांवें त्या वहींत आहेत कीं नाहींत, एवढ्यावरून. कुळी मोठी कीं कर्तृत्व मोठें, हा माणसांचा जुना वाद घोड्यांच्या जगांतहि लढला गेला, आणि त्याचा निकाल लागण्यास बडोद्याच्या महाराजांचा एक घोडा कारणीभूत झाला.

महाराष्ट्राला घोड्याची पारख नवी नाहीं. भीमेच्या कांठचीं भीमथडीचीं तट्टें दख्खनच्या स्वारींत प्रसिद्ध होतीं. पण तेथें घोड्याची ओळख मुलखावरून होत असे; बापाच्या नांवावरून नव्हे. बापाचें नांव लावण्याची चाल इंग्लंडनें पक्की केली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमधील सरदारांनीं पूर्वेकडील घोडे आणवून ते आपल्या घोड्यांच्या पैदाशीसाठीं ठेवण्यास सुरुवात केली. असे घोडे पुष्कळ आले. पण बापाकडून बापाकडे मागें जात राहिलें, तर आजचा प्रत्येक जातिवंत घोडा त्यांतील तिघांपैकीं कोणा तरी एकापाशीं जाऊन पोंचतो.

पहिला बायर्ली टर्क. कॅप्टन रॉबर्ट बायर्ली यांचा हा लढाईचा घोडा १६९० साली आयर्लंडांतील बॉइनच्या रणांगणावर होता. दुसरा डार्ले अरेबियन. टॉमस डार्ले या व्यापाऱ्यानें तो सीरियांतील अलेप्पो शहरीं मिळविला आणि १७०४ साली यॉर्कशायरमध्यें आपल्या घरीं धाडला. तिसरा गोडॉल्फिन अरेबियन. आणि दंतकथांचा खरा धनी हाच. पॅरिसच्या रस्त्यांत तो पाण्याचा गाडा ओढीत होता, तेथून एका इंग्रज गृहस्थानें त्याला सोडविलें, अशी त्याची कथा सांगतात. तिला पुरावा नाहीं. पण तीवर कादंबरी लिहिली गेली आणि चित्रें काढलीं गेलीं. राजवंशाच्या मूळपुरुषाला एकदां तरी वनवास घडलाच पाहिजे, असें लोकांना सर्वत्र वाटतें. घोड्यांचा वंशहि त्याला अपवाद नाहीं.

अठराव्या शतकाच्या मध्यास न्यूमार्केटच्या शर्यतींचे नियम ठरविणारा ‘जॉकी क्लब’ स्थापन झाला. १७७६ साली सेंट लेजर, १७७९ साली ओक्स आणि १७८० साली डर्बी या शर्यती सुरू झाल्या. पैसा वाढला तशी लबाडीहि वाढली. घोड्याचें वय कमी सांगावें, नांव बदलावें, एकाचा बाप दुसऱ्याला लावावा, असे प्रकार होऊं लागले. त्यांना आळा घालण्यासाठीं जेम्स वेदरबी यांनीं १७९१ साली ‘जनरल स्टड बुक’ या वंशावळीच्या ग्रंथाचा प्रास्ताविक भाग प्रसिद्ध केला. ही वही प्रथम फसवणूक टाळण्याचें साधन म्हणून जन्मास आली. पुढें तीच सोवळ्याओवळ्याची कसोटी होऊन बसली.

या वहींतील सर्वांत तेजस्वी नांव म्हणजे एक्लिप्स. १ एप्रिल १७६४ रोजीं सूर्यग्रहण झालें. त्या सुमारास जन्मलेल्या या शिंगराला ग्रहणाचेंच नांव मिळालें. त्याचा धनी ड्यूक ऑफ कंबरलंड पुढच्याच वर्षीं वारला आणि पागेचा लिलांव झाला. लंडनच्या बाजारांतील विल्यम वाइल्डमन नांवाच्या मांसाच्या व्यापाऱ्यानें तें शिंगरूं विकत घेतलें. १७६९ साली एप्सम येथें तो प्रथम धांवला. त्या वेळीं एकच शर्यत चार-चार मैलांच्या अनेक फेऱ्यांत होई, आणि विजयी घोड्याच्या २४० यार्डांहून अधिक मागें राहिलेल्या घोड्याला क्रमांकच मिळत नसे. पहिली फेरी आटोपल्यावर डेनिस ओकेली नांवाच्या आयरिश जुगाऱ्यानें पैज मारली कीं, दुसऱ्या फेरींत एक्लिप्स पहिला येईल आणि बाकीच्यांना क्रमांकच मिळणार नाहीं. झालेंहि तसेंच. एक्लिप्स अठरा शर्यती धांवला आणि एकहि हरला नाहीं. कांहीं शर्यतींत तर त्याच्यासमोर उभें राहण्यास कोणी आलेंच नाहीं. १७८९ साली तो मेला. त्याचा सांगाडा लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजांत जतन करून ठेवलेला आहे.

एक्लिप्स हा डार्ले अरेबियनच्या मुलाच्या नातवाचा मुलगा. येथें दैवाचा एक खेळ पाहण्यासारखा आहे. डार्ले अरेबियनला बेटी लीड्स या एकाच घोडीपासून दोन मुलगे झाले. थोरला फ्लाइंग चाइल्डर्स. त्याच्या वेगाच्या गोष्टी इंग्लंडभर झाल्या. धाकट्या बार्टलेट्स चाइल्डर्सला रक्तस्रावाचा विकार होता. तो शर्यतींत उतरलाच नाहीं. एक्लिप्सचा वंश आला तो या दुबळ्या धाकट्याकडून. एक्लिप्सच्या एका मुलाच्या नांवाची गोष्टहि मोठी गमतीची आहे. त्याचें नांव ‘पोटॅटोज’, म्हणजे बटाटे, असें ठेवण्याचें ठरलें. मोतद्दाराच्या पोराला तें खाणाच्या पेटीवर लिहावयास सांगितलें, तेव्हां त्यानें ‘पॉट’ असें लिहून पुढें ‘ओ’ हें अक्षर आठ वेळां काढलें, असें सांगतात. मालकाला तो विनोद इतका आवडला कीं, त्यानें तेंच नांव कायम केलें. आणि त्या अजब नांवाच्या घोड्यापासूनच एक्लिप्सचा सर्वांत बलाढ्य वंश चालला.

येथवर सांगितलेला इतिहास बापांचा आहे. आयांचें काय? आरंभीच्या पुष्कळशा घोड्यांना, म्हणजे माद्यांना, वहींत स्वतःचें नांवच नाहीं. ‘अमक्याची घोडी’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच त्यांची नोंद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रूस लो नांवाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें आईकडून आईकडे मागें जाऊन त्रेचाळीस मातृकुळें शोधलीं आणि त्यांना क्रमांक दिले. नांवें नव्हतींच, तेव्हां आंकडे द्यावे लागले.

आईच्या नोंदीचें मोल बेंड ऑर या घोड्याच्या प्रकरणांत दिसून आलें. १८८० साली ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या या तांबूस घोड्यानें रॉबर्ट द डेव्हिल याला थोडक्यांत मागें टाकून डर्बी जिंकली. लवकरच ड्यूकच्या पागेंतून काढून टाकलेल्या एका मोतद्दारानें सांगितलें कीं, हा बेंड ऑर नव्हेच. लहानपणीं दोन तांबूस शिंगरांची अदलाबदल झाली असून हा खरा टॅडकॅस्टर आहे. दोघांचा बाप एकच, डॉनकॅस्टर. आया मात्र भिन्न. पंचांनीं चौकशी केली आणि तक्रार फेटाळली. ड्यूकच्या दप्तरापुढें एका बडतर्फ नोकराचें बोलणें कोण खरें मानणार? बेंड ऑरची कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्यें राहिली. सवाशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर केंब्रिजच्या संशोधकांनीं तिच्यांतून केवळ आईकडूनच उतरणारें मायटोकाँड्रियल द्रव्य काढून तपासलें. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, वहींत लिहिलेल्या आईशीं त्याचा मेळ बसत नाहीं. टॅडकॅस्टरच्या आईशीं बसतो. मोतद्दार खरें बोलत होता. वही चुकली होती.

तथापि मधल्या काळांत वहीचा अभिमान वाढतच गेला. १९०८ साली न्यूयॉर्क राज्यांत शर्यतींवरील जुगाराविरुद्ध कडक कायदा झाला, तेव्हां अमेरिकन घोडे मोठ्या संख्येनें इंग्लंडांत येऊं लागले. अमेरिकेचा पैदाशीचा श्रेष्ठ घोडा लेक्सिंग्टन. तो सोळा वेळां तेथील पितृघोड्यांत अग्रस्थानीं आला. परंतु त्याच्या वंशावळींत मागें कांहीं जागा रिकाम्या होत्या. १९१३ साली लॉर्ड जर्सी यांच्या सूचनेवरून नियम झाला कीं, आई व बाप या दोन्ही बाजूंनीं ज्याचा वंश वहींतील पूर्वीच्या नोंदींपर्यंत निर्दोष पोंचतो, त्यालाच यापुढें प्रवेश. इतर सारे ‘हाफ-ब्रेड’, म्हणजे संकरज. त्यांना शर्यतींत धांवण्याची मनाई नव्हती. पण पैदाशीच्या बाजारांत त्यांची किंमत उतरली. दैवानें याचें उत्तर तत्काळ दिलें. दुसऱ्याच वर्षीं, १९१४ च्या डर्बींत, पहिला आला दरबार. त्याची आई अमेरिकन, म्हणजे तो स्वतः संकरज! नियम मात्र तसाच राहिला.

या दरबारची मुलगी डर्बन, तिचा मुलगा फ्रान्समधील तूर्बियों, त्याचा मुलगा जेबेल, आणि जेबेलचा मुलगा माय बाबू. येथें कथा बडोद्यास येऊन पोंचते. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांना शर्यतीच्या घोड्यांचा मोठा षोक होता. १९४३ साली मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी त्यांचीच. पुढें त्यांनीं इंग्लंडांतहि घोडे धांवविले. १९४५ साली त्यांच्यासाठीं एक वर्षाचें एक शिंगरूं २८,००० गिन्यांना घेण्यांत आलें. एका शिंगराला एवढी किंमत त्यापूर्वीं तेथें कोणी दिली नव्हती. कारण एकच, कुळी! त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षीं डर्बी जिंकला होता. बाप होता इटलीचा अजिंक्य निआर्को. महाराजांनीं त्याला आपल्या आजोबांचें नांव दिलें, सयाजीराव. १९४७ साली सयाजीरावनें आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकून तें नांव राखलें. त्याच्या सातव्या पिढीचा पितृपूर्वज कोण? तर वर सांगितलेला बेंड ऑर, ज्याच्या आईची नोंदच चुकीची निघाली.

महाराजांचा दुसरा घोडा माय बाबू. तो फ्रान्समध्यें जन्मला आणि डर्बनच्या रक्तामुळें वहीच्या दृष्टीनें अशुद्ध ठरला. १९४८ साली न्यूमार्केटला एक मैलाच्या ‘टू थाउजंड गिनीज’ शर्यतींत या अशुद्धानें शुद्धांना मागें टाकलें. त्याच वर्षीं सेंट लेजर जिंकणारा ब्लॅक टार्क्विन हाहि वहीबाहेरचाच. इंग्लंडच्या पांच मानाच्या शर्यतींपैकीं दोन एकाच वर्षीं संकरजांनीं नेल्यावर, शुद्ध कोणाला म्हणावें, हा प्रश्न टाळणें अशक्य झालें. १९४९ साली जर्सीचा नियम सैल करण्यांत आला. आठ-नऊ पिढ्यांचा जातिवंत संबंध दाखवावा, निकटच्या आप्तांनीं मैदानावर गुण सिद्ध केलेले असावे, मग वहींत जागा मिळेल, असें ठरलें. कुळीच्या शेजारीं कर्तृत्वाला आसन मिळालें तें असें. १९५५ साली माय बाबूचा मुलगा अवर बाबू हाहि बापाचीच शर्यत जिंकला. वहीचें दार उघडलें त्याच १९४९ साली बडोद्याचें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

वहींतील उरल्यासुरल्या अभिमानाला पुढें शास्त्रज्ञांनींच धक्का दिला. २००१ साली डब्लिन येथील संशोधकांनीं हिशेब मांडला: आजच्या जातिवंत घोड्यांचे शंभरांतील पंचाण्णव पितृवंश एकट्या डार्ले अरेबियनपाशीं पोंचतात, आणि शंभरांतील बहात्तर मातृवंश अवघ्या दहा घोड्यांपाशीं, म्हणजे माद्यांपाशीं. इतक्या थोड्यांवर उभारलेला वंश भरधांव जातो खरा, पण त्याच्या रक्तांत विविधता थोडी, आणि त्यामुळें दोष सांचण्याची भीतीहि असते. २०१२ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली. थोड्या अंतराच्या शर्यतींत उपयोगी पडणारा वेगाचा अंश या वंशांत बहुधा एकदांच शिरला, आणि तो अरबी घोड्याकडून नव्हे, तर सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं ब्रिटनच्याच मातींतल्या एका घोडीकडून.

त्या घोडीचें नांव कोणत्याहि वहींत नाहीं. तिच्या वेळीं तिला जातिवंत कोणी म्हटलें नसतें. ती गांवठी होती. तीन परदेशी पितरांचा गौरव तीन शतकें होत राहिला, आणि ज्या गुणासाठीं हा सारा खटाटोप झाला तो तिच्याकडून आला. वंशावळ ठेवूं नये असें यावरून सिद्ध होत नाहीं; वही नसती तर हा हिशेब मांडतांहि आला नसता. पण वही हें स्मरण आहे, निकाल नव्हे. आणि स्मरणांत कोण राहिलें नाहीं, हेंहि अधूनमधून विचारावें लागतें. मैदान मात्र तो प्रश्न दर शर्यतीस नव्यानें विचारतें. तेथें घोड्याला आजोबांचें नांव पाठीवर घेऊन उभें राहतां येतें. धांवावें लागतें स्वतःच्याच पायांनीं.