पाकीट फोडल्यावर, पेरण्याआधी



पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यातून वेगळे होऊन 2023 साली आपला स्वतंत्र जिल्हा झाला. बाजार मात्र अजून नागपूरचाच, कृषी विद्यापीठ जबलपूरचे आणि धुऱ्यावरची सल्लामसलत मराठीत. संत्र्याच्या कलमावर आपण तासन् तास बोलतो. टमाटर, गोबी, वांगे, मिरचीच्या बियाण्याची गोष्ट निघाली की ‘पाकीट फोडा आन् टाका’, एवढ्यावर आटोपते. आज मला दिलेला वेळ मी त्या पाकिटालाच देणार आहे.

बियाण्यावर संस्कार करणे आपल्याला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकीसारख्या टणक बियांना शेण चोळायला सांगितले आहे, आणि आपले आजोबाही सरकी शेणमातीत घोळूनच पेरत. तंतू चिकटलेली सरकी एकमेकींत गुंतते, शेण लावले की सुटी होते. अडचण ठाऊक होती, म्हणून उपाय नेमका होता. आता दुकानात गेल्यावर आपण अडचण सांगतच नाही, थेट ‘बियाण्याले लावायचं औषध द्या’ म्हणतो. माझे भांडण आहे ते याच्याशी.

भाजीचे बी उशिरा उगवते, नाहीतर स्वतःच रोग घेऊन येते, नाहीतर वाफ्यातल्या बुरशीच्या तावडीत सापडते. या तिन्हींवर एकच पुडी चालत नाही.

उशिरा उगवण्यावर पाणी पुरते. भेंडी, कारले रात्रभर भिजवा, सकाळी सावलीत वरचे पाणी सुकू द्या आणि त्याच दिवशी टोबा. बी आधी भराभर पाणी पिते, मग बाहेरून काहीच घडत नसल्यासारखे थांबते. पण आत सगळी तयारी त्याच वेळात होते. कोंब फुटण्याआधी त्याला बाहेर काढायचे, एवढेच जमवायचे असते. 1990 च्या दशकात कृषी संशोधक डेव्हिड हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरातच्या आदिवासी भागांत शेतकऱ्यांकडूनच मका, धान, हरभरा असा भिजवून पेरून घेतला. उगवण लवकर झाली, पीकही लवकर फुलोऱ्यावर आले. खर्च पाण्याचा.

गोबीचे दुखणे वेगळे. पानाच्या कडेपासून आत शिरणारा पिवळा त्रिकोण आणि काळ्या पडलेल्या शिरा, हा घाण्या रोग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा, आणि बियाण्यातूनही येतो. बुरशीनाशक कितीही चोळा, जिवाणूला त्याचे काही नाही. तिथे गरम पाणी लागते. बी पातळ कापडाच्या सैल पुरचुंडीत बांधा. आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा. मग 50 अंश सेल्सियसच्या पाण्यात फुलगोबी 20 मिनिटे, पत्तागोबी 25 मिनिटे. पुरचुंडी हलवत राहा, थर्मामीटर पाण्यातच राहू द्या. पारा उतरला तर गरम पाणी भांड्याच्या कडेने ओता, पुरचुंडीवर नको. वेळ झाली की लगेच थंड पाण्यात बुडवा आणि सावलीत पसरा. दोन-चार अंश चढले तर उगवण जाते, उतरले तर रोग राहतो; बोट बुडवून अंदाज घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. जुने, अशक्त बी हे सोसत नाही, म्हणून आधी थोड्यावर करून उगवण पाहा. काकडी, दोडक्याला आणि वाटाण्याला तर हा उपाय नकोच.

वाफ्यातली मर राहिली. पावसाळ्यात रोपे जमिनीलगत कुजून आडवी पडतात. त्यावर ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम, असे पत्रकात छापलेले असते. हिशेब चुकीचा नाही, पण संकरित गोबीचे पाकीट 10 ग्रॅमचे! त्याला किती लावायचे? 50 मिलिग्रॅम. पत्रके लिहिणाऱ्यांनी एकदा आपल्या घरातला तराजू काढून पाहावा. त्यापेक्षा ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मिसळून गादीवाफ्यात द्यावे आणि पाणी साचू देऊ नये.

आणि पाकिटातले बी लाल, निळे, गुलाबी दिसले तर हात आखडा. बियाण्याला औषध आधीच लागलेले आहे, हे सांगण्यासाठी तो रंग असतो. कोणते लागले ते पाकिटावर लिहावे लागते. असे बी भिजवले तर पैसे देऊन घेतलेले औषध नालीत जाते. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे तर मित्र बुरशी पैसे देऊन मारणे. असले रंगीत बी कोंबड्यांपुढेही टाकू नका.

आता खरी मेख. आपल्यातले कितीतरी जण बी पेरतच नाहीत, ट्रेमधले तयार रोप आणतात. म्हणजे हे सगळे काम रोपवाटिकेच्या शेडनेटमध्ये होते, किंवा होत नाही, आणि आपल्याला कळत नाही. म्हणून रोपवाटिकावाल्या मित्रांना माझे मागणे आहे: प्रत्येक ट्रेसोबत एक चिठ्ठी द्या. वाण, बियाण्याचा लॉट क्रमांक, पेरणीची तारीख आणि बियाण्यावर काय केले ते. काही केले नसेल तर तसे लिहा. चिठ्ठी मराठीत असू द्या. दुपारच्या सत्रात या चिठ्ठीचा मसुदा करावा, अशी सूचना मी अध्यक्ष म्हणून मांडतो.