रुग्णशय्येवरील चित्रकला



ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’साठी मराठी समीक्षेत ‘विरेचन’ हा प्रतिशब्द रूढ झाला. तो मुळात वैद्यांचा शब्द आहे, याचे स्मरण साहित्याच्या वर्गात क्वचितच ठेवले जाते. भरतमुनींनीही नाट्याचे प्रयोजन सांगताना दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना विश्रांती देण्याचा उल्लेख केला आहे. कला आणि स्वास्थ्य यांचे नाते असे पुरातन आहे. तथापि वचनांपेक्षा एका रुग्णाची हकिकत या संदर्भात अधिक उद्बोधक ठरते.

ॲड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार. पहिल्या महायुद्धात त्याने रणभूमीवरील दृश्ये रेखाटली होती. १९३८ मध्ये त्याला क्षयाने गाठले आणि ससेक्स परगण्यातील मिडहर्स्ट येथील किंग एडवर्ड सातवा आरोग्यधामात त्याची रवानगी झाली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध त्यानंतर पाच वर्षांनी, १९४३ मध्ये लागला. तोवर मोकळी हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती हाच मुख्य उपचार होता; मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयाचा काळही तोच. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहावयाचे, शेजारची खाट रिकामी झालेली पाहावयाची आणि स्वतःच्या खोकल्याकडे कान लावून बसावयाचे! रोग फुप्फुस पोखरीत असे, तर ही सक्तीची निष्क्रियता मन पोखरीत असे.

हिलने खाटेजवळच्या साध्यासुध्या वस्तू रेखाटावयास प्रारंभ केला. मोठ्या चित्राला लागणारे बळ अंगात नव्हते. परंतु समोरची वस्तू नीट न्याहाळून कागदावर उतरवताना लक्ष आजारावरून ढळते, हा अनुभव त्याला आला. पुढे इतर रुग्णांना, त्यांत युद्धात जखमी झालेल्या सैनिकांनाही, तो चित्रकला शिकवू लागला. यांतील बहुतेकांना चित्रकलेचा गंधही नव्हता. चित्र चांगले वठते की नाही, हा प्रश्न तेथे गौण होता. औषध, विश्रांती, भोजन या प्रत्येक बाबतीत दुसऱ्याच्या आज्ञेत राहणाऱ्या माणसाला कोणता रंग घ्यावयाचा एवढा तरी निर्णय स्वतः करता येत होता. या कार्याला हिलने १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ असे नाव दिले. ‘आर्ट व्हर्सस इलनेस’ हे त्याचे पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. ज्यांना हाती कुंचला धरणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी ब्रिटिश रेडक्रॉसच्या साहाय्याने चित्रांचे फिरते ग्रंथालय निघाले. नामवंत चित्रांच्या प्रतिकृती रुग्णालयांतील कक्षांत लावावयाच्या, ठरावीक काळाने बदलावयाच्या आणि त्यांविषयी रुग्णांशी बोलावयाचे, अशी ती योजना होती. निर्मितीइतकाच आस्वादही हिलने उपचारात मोलाचा मानला.

चित्राने क्षयाचे जंतू मरत नाहीत. तसा दावा कोणी केल्यास तो भाबडेपणा होय. आस्वादाविषयी अलीकडची एक पाहणी मात्र दखल घेण्याजोगी आहे. डेझी फँकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी इंग्लंडमधील पन्नाशी उलटलेल्या ६,७१० स्त्री-पुरुषांची सुमारे १४ वर्षांची माहिती अभ्यासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. नाटक, मैफल, संग्रहालय किंवा प्रदर्शन यांना काही महिन्यांतून एकदा किंवा अधिक वेळा जाणाऱ्यांत, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातील मृत्यूची जोखीम ३१ टक्क्यांनी कमी आढळली. धट्टीकट्टी आणि सुस्थितीतील माणसेच नाटकाला अधिक जातात, हा आक्षेप रास्त आहे. संपत्ती, शिक्षण, प्रकृती इत्यादींचा हिशेब करूनच हा आकडा काढलेला आहे; तरीही असल्या पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे स्वतः संशोधकांनीच नमूद केले आहे.

घरी बसून केलेल्या वाचनाची गणना त्या पाहणीत नव्हती, ही बाब येथील सभासदांना खटकल्यास नवल नाही.