एकाच पंगतीतील विद्यार्थी



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने सोमेश्वरनगरचा परिसर बागायती झाला. साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की बीड, अहिल्यानगरकडील ऊसतोड कुटुंबे येथे कोप्या बांधतात. त्यांची मुले हंगामापुरती शाळेत येतात. बागायतदाराचा व मजुराचा मुलगा एका वर्गात आले, तरी एका बाकावर बसतीलच असे नाही. बोलीची टिंगल आणि कपड्यांची तुलना यांतून कोवळ्या मनांत भिंत उभी राहते.

अशी भिंत कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही पाहिली. जैन कुळात जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धिस्नानास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्याच विद्यार्थ्याने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्यास आलेल्या बालकासही शाळेचे दार उघडले. परंतु कायदा हजेरीपटावर नाव घालू शकतो. बाकावर शेजारची जागा सहाध्यायीच देऊ शकतो. मन दुखावणारा शब्द हीदेखील हिंसाच होय. वह्या-पुस्तकांच्या दानासोबत आपल्या मुलांना शेजारी सरकून बसण्याचा संस्कार देणे, हीच कर्मवीरांना खरी आदरांजली ठरेल.